आपल्याकडची मुलं बोलत नाहीत, असं म्हणण्याआधी

शिक्षकांना शिकवणाऱ्या आम्हा लोकांचा कुठलाही उजळणी वर्ग घ्या, चहाच्या सुट्टीच्या आत एक वाक्य कानावर पडतंच. “विद्यार्थीकेंद्री अध्यापन वगैरे तिकडे ठीक आहे हो, आपल्याकडे नाही चालत.” तिकडे म्हणजे अमेरिका, फिनलंड, फार तर ऑस्ट्रेलिया. आपल्याकडे का चालत नाही, तर आपली संस्कृती. गुरुजनांसमोर उलट प्रश्न विचारायचा नाही, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे म्हणे आपल्या रक्तातच आहे.

मी खान्देशातल्या एका अध्यापक महाविद्यालयात गणित अध्यापन पद्धती शिकवते. माझे छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणारी मुलं, शहादा, तळोदा, साक्री, शिरपूर या भागांतून येतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच माणूस. त्यांच्याकडे बघत बघतच माझं मत बनत गेलंय. संस्कृतीचं ते वाक्य मला पटत नाही. त्याच्या अगदी समोर उभं राहून जे दुसरं वाक्य बोललं जातं, की व्याख्यान म्हणजे जुनाट आणि गटकार्य म्हणजे आधुनिक, तेही मला पटत नाही. दोन्ही वाक्यांमुळे आम्ही खऱ्या कामापासून सुटतो, असं मला मनापासून वाटतं.

विद्यापीठात शिकवणारी माणसं स्वतःच्या शिकवण्याकडे कसं बघतात, यावर गेली तीसेक वर्षं बरंच संशोधन झालंय. ऑस्ट्रेलियात मायकेल प्रॉसर आणि कीथ ट्रिगवेल यांनी पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या मुलाखती घेतल्या. हाँगकाँगमध्ये डेव्हिड केंबर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र ठेवून १९९७ साली त्यांचा आढावा घेतला. या सगळ्यांतून साधारण दोन टोकं दिसतात. एका, शिक्षककेंद्री टोकाला शिक्षक म्हणतो, माझ्याजवळ ज्ञान आहे, ते मी पोचवतो. दुसऱ्या, विद्यार्थीकेंद्री टोकाला तो म्हणतो, विद्यार्थ्याला एखादी गोष्ट आज जशी समजलीय ती उद्या वेगळी, जास्त नीट समजावी म्हणून मी काहीतरी करतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की या मांडणीत शिक्षकाचा हेतू मोजलाय. वर्गात बाकं गोल मांडली होती का, चार्टपेपर होता का, शिक्षक किती मिनिटं बोलला, हे त्यात नाही. आमच्याकडे मात्र चर्चा नेमकी बाकांवर आणि मिनिटांवर येऊन थांबते.

एक वर्ग दाखवते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल.

प्रथम वर्षाच्या गणित मेथडच्या, म्हणजे अध्यापन पद्धतीच्या, तासाला मी फळ्यावर लिहिते: पावणेदोन भागिले अर्धा. सोडवा. मिनिटभरात सगळ्यांचं होतं. पावणेदोन म्हणजे सात चतुर्थांश, अर्ध्याला उलटं करून गुणायचं, उत्तर साडेतीन. बीएस्सी झालेली मुलं ती, त्यांना यात अवघड काय? मग मी म्हणते, आता याच गणितावर शाळेतल्या पोरांसाठी एक शाब्दिक उदाहरण तयार करा. रोजच्या व्यवहारातलं. पुस्तक उघडायचं नाही.

वर्ग गप्प होतो. नुसता गप्प. बाहेरून कुणी पाहुणा आला असता तर म्हणाला असता, बघा, आपली मुलं बोलत नाहीत.

गेल्या तुकडीत पहिल्या बाकावरच्या एका छात्राध्यापिकेने धीर करून वाचलं: “पावणेदोन भाकरी दोन भावांत सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाला किती भाकरी मिळेल?” बऱ्याच माना डोलल्या. मी बरोबरही म्हटलं नाही आणि चूकही म्हटलं नाही. म्हटलं, काढा उत्तर. आलं सात अष्टमांश. एक भाकरीसुद्धा पूर्ण नाही, आणि फळ्यावर तर साडेतीन लिहिलेलं. ती दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून मी बाजूला उभी राहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण शेजाऱ्याला हळूच म्हणाला, “भागाकार करा ना, मंग उत्तर मोठं कसं व्हयनं?”

मी त्याला म्हटलं, हेच मोठ्याने बोला. असंच, अहिराणीतच बोला. तो आधी लाजला, मग बोलला. आणि त्यानंतर त्या वर्गात इतका कालवा झाला, की शेजारच्या वर्गातल्या मॅडम डोकावून गेल्या.

ज्याच्या घरी किराण्याचं दुकान आहे त्याला उदाहरण सुचलं. पावणेदोन किलो शेंगदाणे आहेत, अर्ध्या अर्ध्या किलोच्या पुड्या बांधायच्या, किती पुड्या होतील? तीन पुड्या पूर्ण झाल्या, पाव किलो उरले. आता खरी गंमत इथे आहे. दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, तीन पुड्या आणि पाव, म्हणजे सव्वातीन! मग फळ्यावर साडेतीन कुठून आलं? नियमाने काढलेलं उत्तर चुकलं की काय, अशी शंका पदवीधर मुलांना खरोखर आली. उरलंय ते पाव किलो, पण पुडी आहे अर्ध्या किलोची, त्यामुळे ती पाव पुडी होत नाही, अर्धी पुडी होते. आपण किलो मोजतोय की पुड्या, हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला विचारला. तो सुटला तेव्हा एकीने वहीवर हात आपटला.

आणि मग मी बोलले. दहा-बारा मिनिटं सलग, एकटी, खडू हातात घेऊन. भागाकाराचे दोन अर्थ सांगितले. एक वाटणीचा, म्हणजे इतक्या जणांत वाटलं तर एकाच्या वाट्याला किती. दुसरा मापाचा, म्हणजे या मापात ते माप किती वेळा बसतं. भाकरीचं उदाहरण पहिल्या अर्थाचं होतं आणि त्यात भागणारी संख्या दोन झाली होती. पुड्यांचं दुसऱ्या अर्थाचं. एका किलोत अर्ध्याच्या दोन पुड्या, म्हणून पावणेदोन किलोत पावणेदोनाच्या दुप्पट, आणि म्हणूनच उलटं करून गुणायचं. हे मी त्यांच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला नाही. सरळ सांगितलं. त्या वेळी कुणाचीही नजर फळ्यावरून हलली नाही, कारण प्रश्न आधीच त्यांच्या डोक्यात उभा होता.

आता हा तास शिक्षककेंद्री की विद्यार्थीकेंद्री? निम्मा वेळ ते बोलले, निम्मा वेळ मी. मला तर हा प्रश्नच या तासाला लागू होत नाही असं वाटतं.

हे उदाहरण माझ्या डोक्यातून आलेलं नाही. लिपिंग मा या संशोधिकेने चिनी आणि अमेरिकी प्राथमिक शिक्षकांचा जो तौलनिक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला, त्यात हेच गणित होतं. पावणेदोन भागिले अर्धा, आणि त्यावर गोष्ट तयार करा. अमेरिकेतले २३ शिक्षक, चीनमधले ७२. अमेरिकेतल्या ज्या २१ जणांनी गणित करून पाहिलं, त्यांतल्या नऊ जणांचंच पूर्ण आणि बरोबर आलं. चीनमधल्या सगळ्यांचं आलं. गोष्टीच्या बाबतीत फरक आणखी मोठा. अमेरिकी गटात अर्थाला धरून गोष्ट एकाच शिक्षकाला जमली; पुष्कळांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागलं होतं, आमच्या भाकरीसारखंच. चिनी गटात ७२ पैकी ६५ जणांना जमली.

यातली खरी विचार करायला लावणारी बाब पुढे आहे. ते चिनी शिक्षक पदवीधरही नव्हते. नववीपर्यंत शाळा आणि पुढे दोन-तीन वर्षांचं अध्यापक विद्यालय, एवढंच त्यांचं शिक्षण. अमेरिकी शिक्षक मात्र पदवी घेतलेले. चिनी वर्ग मोठे, पोरं रांगेत बसलेली, शिक्षक समोर उभा. वरवर बघणारा त्यांना डोळे झाकून शिक्षककेंद्री म्हणेल. तरीही पोराच्या मनात हे गणित कसं उतरेल, कुठे अडेल, याचा विचार त्या शिक्षकांनी जास्त केलेला होता. कसा? पाठ्यपुस्तकातलं एकेक उदाहरण ते सहकाऱ्यांबरोबर बसून फोडतात, हेच का घेतलं, याच क्रमाने का घेतलं याची चर्चा करतात. चीनच्या शाळांत १९५० च्या दशकापासून विषयवार शिक्षकांचे अभ्यासगट असतात, आणि हे बसणं नोकरीचाच भाग असतं. घरी जाऊन करायचं जादा काम नाही.

हाँगकाँगबद्दलही संशोधकांना असंच कोडं पडलं होतं. चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग, परीक्षेचं दडपण, समोरून शिकवणं, आणि तरीही आंतरराष्ट्रीय चाचण्यांत मुलं पुढे. डेव्हिड वॉटकिन्स आणि जॉन बिग्ज यांनी १९९६ साली या विषयावरचे अभ्यास एकत्र छापले. त्यात स्वीडनच्या फेरेन्स मार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं होतं, की पाश्चात्त्य अभ्यासक पाठांतर आणि समज यांना एकमेकांचे शत्रू मानतात, पण चिनी शिक्षक आणि विद्यार्थी तसं मानत नाहीत. पुन्हा पुन्हा म्हणताना, लिहिताना दरवेळी थोडा वेगळा अर्थ हाती लागतो, असा त्यांचा अनुभव.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. ती शाळा फार शिकली नव्हती, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी तिला तोंडपाठ होत्या. औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनाचा पाढा. बाजारात भाजीवाला पाव किलोचा भाव सांगायचा तोवर तिचा पाऊण किलोचा हिशेब झालेला असे. ते पाठांतर होतं, आणि ते तिला समजलेलंही होतं, कारण रोज वापरात होतं. आम्ही “घोकंपट्टी नको” असं सरसकट शिकवून पाढे काढून टाकले आणि त्या जागी उलटं करून गुणायचा नियम ठेवला. तो मात्र खरोखरच बिनअर्थाचा घोकला गेला.

संस्कृतीचा मुद्दा घेऊन बोलणारे बरेचदा गेर्ट हॉफस्टेड यांचे आकडे देतात. वेगवेगळ्या देशांतली माणसं वरिष्ठ-कनिष्ठ हे अंतर कितपत मान्य करतात याचा त्यांनी निर्देशांक काढला. त्या यादीत भारत ७७, फिनलंड ३३. झालं, सिद्ध झालं, आपल्याकडे वर्गात चर्चा होणं अशक्य! पण त्याच यादीच्या पुढच्या आवृत्तीत चीन ८० वर आहे, म्हणजे आपल्याही वर, आणि चीनमधले शिक्षक काय करू शकतात ते आत्ताच बघितलं. शिवाय मूळ आकडे १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून घेतलेले. तळोद्याहून एसटीने येणाऱ्या, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीच्या गप्प बसण्याचं कारण मी त्या आकड्यांत शोधणार नाही.

तिच्या गप्प बसण्याची कारणं मला वर्गातच सापडतात. पहिलं कारण भाषा. घरी अहिराणी, पावरी, भिली किंवा मावची. महाविद्यालयात प्रमाण मराठी, तीही पाठ्यपुस्तकी. बोललं की उच्चारावरून कुणीतरी हसेल ही भीती शाळेपासूनची, आणि ती भीती आम्हा शिक्षकांनीच घातलेली. दुसरं कारण, चूक उत्तर दिलं तर त्याची नोंद कुठेतरी होते असं तिला वाटतं, कारण अंतर्गत गुण आमच्याच हातात असतात. तिसरं, तिचं लक्ष टीईटी, टेट या शिक्षक होण्यासाठीच्या परीक्षांकडे आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे. त्या परीक्षांत दिलेल्या पर्यायांतून एकावर खूण करायची असते. पुडी आणि किलो यांवरून झालेलं भांडण तिथे कामाला येत नाही. या तिन्ही गोष्टी बदलता येण्यासारख्या आहेत. त्यांना रक्तातली संस्कृती म्हटलं की आम्हाला काहीच करायला नको.

फिनलंडचं उदाहरण तर आपल्याकडे फारच अर्धवट सांगितलं जातं. फिनिश माणसं बडबडी म्हणून ओळखली जात नाहीत. उलट मितभाषी म्हणूनच त्यांची ख्याती आहे. तेव्हा गप्प बसण्याच्या स्वभावामुळे विद्यार्थीकेंद्री शिक्षण अडतं, हे तिथेच खोटं ठरतं. त्यांनी १९७० च्या दशकात प्राथमिक शिक्षकांचं शिक्षण विद्यापीठात नेलं, १९७९ पासून त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते. विद्यापीठांना जोडलेल्या सरावशाळा आहेत, तिथले शिक्षक होतकरू शिक्षकांबरोबर काम करण्यासाठीच नेमलेले असतात. देशभर एकच अशी मोठी परीक्षा उच्च माध्यमिकच्या शेवटी येते, त्याआधी नाही. यातलं आपण काय उचललं? मोकळे वर्ग आणि रंगीत खुर्च्यांचे फोटो.

आमच्याकडे शिकवणारे लोक एकाच विचाराचे नाहीत, हेही सांगायला हवं. आमच्या महाविद्यालयातले एक ज्येष्ठ सर भारतीय शिक्षणाचा इतिहास शिकवायचे. तास पूर्ण व्याख्यानाचा. कागद नाही, पडदा नाही. पण तास संपताना प्रत्येकाने चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून टेबलावर ठेवायचा, असा त्यांचा नियम. पुढचा तास त्या चिठ्ठ्यांपासून सुरू व्हायचा. कुणी काय लिहिलंय ते ते नाव न घेता वाचायचे, त्यामुळे कधीच न बोलणारी मुलं लिहून बोलायची. मी त्यांना एकदा म्हटलं, सर, तुम्ही तर पक्के विद्यार्थीकेंद्री. ते म्हणाले, “मॅडम, मला हे शब्द माहीत नाहीत. पोराला काय कळलं नाही ते मला कळल्याशिवाय मी दुसऱ्या दिवशी काय बोलू?”

आणि उलट बाजूलाही मी पाहिलंय. पाच गट, पाच चार्ट, प्रत्येक गटाचा एक प्रतिनिधी पुढे येऊन गाईडमधून उतरवलेले मुद्दे वाचतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. शिकवणारी तरुण सहकारी मेहनती आहे, तिची तळमळ खरी आहे. पण ती तासिका तत्त्वावर काम करते. तासाप्रमाणे मानधन, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही याचा भरवसा नाही, दोन महाविद्यालयांत धावपळ. एखाद्या गटाचं म्हणणं खोलात जाऊन ऐकायचं, त्यातली चूक पकडून तीवर दुसऱ्या दिवसाचा तास उभा करायचा, यासाठी जो निवांतपणा लागतो तो तिला कुणी दिलेला नाही. अहवालात उपक्रम दिसला पाहिजे, एवढं मात्र तिच्याकडून मागितलं जातं. अध्यापक शिक्षणावर कुठलाही नवा आराखडा येतो तेव्हा मला पहिल्यांदा तिची आठवण येते.

“हे सगळं तिकडचं” या म्हणण्यावरही मला बोलायचंय, कारण हे म्हणताना आपण आपल्याच माणसांना विसरतो. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक कसे हवेत ते सांगितलं होतं. ते शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले आणि प्रशिक्षित असावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये, आणि खालच्या थरातल्या लोकांत त्यांना सहज मिसळता यावं. शिकणारा कुठून आलाय हे शिकवणाऱ्याला आतून कळलं पाहिजे, यापेक्षा वेगळं विद्यार्थीकेंद्री शिक्षण मला माहीत नाही. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावर, वारली घरांच्या अंगणात नेली. मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं घेतली. आमच्या छात्राध्यापकांना ताराबाई हे नाव पाच गुणांच्या टिपेसाठी माहीत असतं. अंगणात बालवाडी नेताना त्यांना काय काय सोडावं लागलं असेल, हे आम्ही कधी विचारत नाही.

आता आमच्या स्वतःच्या साधनांकडे येते. सराव पाठ बघताना आम्ही निरीक्षण पत्रक भरतो. पूर्वज्ञान जागृती, हेतुकथन, आवाजाची पट्टी, प्रश्नांची भाषा, फलकलेखन, शैक्षणिक साधनांचा वापर, प्रबलन म्हणजे शाबासकी देणं. सूक्ष्म अध्यापनापासून, म्हणजे छोट्या पाठात एकेक कौशल्य घटवायच्या तंत्रापासून, हीच कौशल्यं चालत आलीत. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे पाठ कसा झाला ते ऐका, बारा मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा शिकवा आणि पुन्हा प्रत्याभरण, असं छत्तीस मिनिटांचं ते चक्र, आणि समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच मित्र. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमाराला निघालेलं हे तंत्र आपल्याकडे बडोद्याच्या शिक्षण अभ्यास केंद्रासारख्या ठिकाणांहून सर्वत्र गेलं. मला ते टाकाऊ वाटत नाही. पहिल्यांदा वर्गासमोर उभं राहणाऱ्याचे पाय थरथरतात, तेव्हा एका वेळी एकच कौशल्य हातात देणं बरं पडतं. पण पत्रकातला प्रत्येक रकाना शिकवणाऱ्याबद्दल आहे. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने अपूर्णांक कसा वाचला, तिने काय खोडलं, ती कुठे थांबली, हे लिहायला एक ओळसुद्धा नाही. जी गोष्ट आम्ही कधी बघितलीच नाही, तिच्याबद्दल विद्यार्थीकेंद्री म्हणून भाषण तरी कशाच्या जोरावर करायचं?

जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं चालत आलेली एक पद्धत आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, एकजण तो घेतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलांकडे बघतात. कुठल्या मुलाने वहीत काय केलं ते टिपतात. नंतरची चर्चाही त्यावरच. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे तो घेणाऱ्याची इभ्रत पणाला लागत नाही. यासाठी टॅब्लेट लागत नाहीत, अनुदान लागत नाही. लागतो तो एकत्र बसायचा वेळ आणि कागद-पेन्सिल.

गेल्या वर्षीपासून माझ्या मेथडच्या गटात आम्ही तसं करून बघतोय. विद्यापीठाचं पत्रक भरायचं ते भरतोच, त्याला जोडून एक कोरा कागद. प्रत्येक निरीक्षकाने एकच मूल निवडायचं आणि तासभर फक्त त्याच्याबद्दल लिहायचं. सुरुवातीला मुलं लिहायची “लक्ष देऊन ऐकत होता”. मग मी विचारायचे, हे तुम्हाला कशावरून कळलं? हळूहळू नोंदी बदलल्या. “छेद सारखे करताना अंशाला गुणायचं विसरला, शेजारच्याचं बघून दुरुस्त केलं, पण पुढच्या उदाहरणात पुन्हा तेच.” अशी एक ओळ माझ्या लेखी दहा पानी पाठ टाचणापेक्षा मोलाची. प्रात्यक्षिकाचे गुण अजूनही जुन्या पत्रकावरच मिळतात. ते बदलावं म्हणून मी अभ्यास मंडळाला लिहिलंय, आणि पुन्हा लिहिणार आहे.

अहिराणीबद्दलही एक ठरवलंय. मेथडच्या चर्चेत कुणी कुठल्याही बोलीत बोललं तरी चालेल, फक्त दुसऱ्याला समजावून सांगायची तयारी हवी. काही सहकाऱ्यांचा याला विरोध आहे. उद्या हीच मुलं शाळेत प्रमाण मराठीत शिकवणार, मग सवय कशी होणार, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा खोटा नाही. पण ज्या भाषेत शंका येते त्या भाषेत ती बाहेर पडू दिली, तर पुढे प्रमाण मराठीत मांडायला माणसाजवळ काहीतरी असतं. शंका आतच मेली तर शुद्ध भाषेत सांगणार काय? शिवाय यांतले बरेच जण ज्या आश्रमशाळांत नोकरी करणार आहेत, तिथल्या पोरांना शिक्षकाच्या तोंडून आपली बोली ऐकायला मिळाली तर केवढा आधार वाटेल, याचाही विचार व्हावा.

द्वितीय वर्षाची मुलं सध्या आंतरवासितेवर, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी, शाळांत आहेत. परवा त्यातल्या एकीचा फोन आला. तिने सातवीला शेंगदाण्याच्या पुड्या घेतल्या होत्या, खरोखरचे शेंगदाणे आणि तागडी नेऊन. सगळं नीट झालं, आणि शेवटी एका मुलीने विचारलं, “मॅडम, शेंगदाणे पाव किलोच असले तर? पुडी तर भरतच नाही. मग भागाकार करायचाच नाही का?” हिने तिला सांगितलं की प्रश्न फार चांगला आहे, आपण दोघी उद्या बघू. आणि मला विचारलं, मॅडम, हे मी तिला सरळ सांगू की तिच्याकडून काढून घेऊ?

मी म्हटलं, आधी तिला एक रिकामी पुडी द्या आणि त्यात पाव किलो भरायला सांगा. पुडी किती भरली ते तिला म्हणू द्या. ती काय म्हणते ते ऐका, आणि मग ठरवा.